पावकी ते औटकी : धाराशिवच्या तोंडी हिशेबाचा आणि कार्यस्मृतीचा इतिहास

एखादी माहिती मनात धरून ठेवायची आणि ती निसटू न देता तिच्यावरच काम करायचे, ही मनाची जी क्षमता आहे तिला मानसशास्त्रात कार्यस्मृती म्हणतात. लहानपणी पाठ केलेली आरती किंवा आजोळचा रस्ता दीर्घकालीन स्मृतीत असतो आणि वर्षानुवर्षे टिकतो. कार्यस्मृतीतला मजकूर काही सेकंदांत विरतो आणि तिची जागाही फार थोडी असते. तेवीस शेर तूप शेराला सव्वा रुपया भावाने घेतले तर किती रुपये द्यायचे, हा हिशेब कागदाशिवाय करताना तेवीसची पाव काढायची, ती पावणेसहा येते हे धरून ठेवायचे, मूळचे तेवीस आठवायचे आणि दोहोंची बेरीज करून पावणेएकोणतीस सांगायचे, एवढे सगळे या थोड्या जागेत घडावे लागते. मधला कोणताही आकडा निसटला तर हिशेब पहिल्यापासून.

मराठी मुलुखात या अडचणीवर एक जुना उपाय होता. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी ही अपूर्णांकांची कोष्टके मुलांकडून लहान वयातच पाठ करून घेतली जात. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीन यांचे हे पाढे. औट म्हणजे साडेतीन. सवायकी पाठ असलेल्या मुलाला सातापुढे पावणेनऊ आपोआप सुचत, औटकी पाठ असलेल्याला साडेचोवीस. ही कोष्टके पुष्कळ ठिकाणी मोठ्या आकड्यांपर्यंत नेत असत. ज्याची सवायकी तेवीसपर्यंत पोचलेली असे, त्याला वरच्या तुपाच्या हिशेबात करण्यासारखे काही उरतच नसे. उत्तर दीर्घकालीन स्मृतीतून तयार येई आणि कार्यस्मृती पुढच्या कामाला मोकळी राही. संध्याकाळी दिवेलागणीला मुले हे पाढे, तिथी, नक्षत्रे, महिने आणि श्लोक एका सुरात म्हणत, त्याला परवचा म्हणत.

आजच्या धाराशिव जिल्ह्याचा मुलूख त्या काळी हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. १८५३ च्या तहानंतर तो काही वर्षे इंग्रजांकडे होता आणि १८६० मध्ये निजामाला परत मिळाला. जिल्ह्याचे ठाणे आधी नळदुर्गला होते. सरकारी शाळा खेड्यात पोचण्यापूर्वी, आणि पोचल्यावरही बराच काळ, शिकवण्याचे काम पंतोजी करत. देवळाच्या ओवरीत, वाड्याच्या ढेलजेत किंवा पारावर शाळा भरे. मुले धुळपाटीवर अक्षरे गिरवत. मोडी वाचता येणे, पत्र लिहिता येणे आणि हिशेब तोंडी करता येणे एवढ्यावर शिक्षण पुरे झाले असे मानत, कारण कुलकर्ण्याच्या दप्तराला आणि वाण्याच्या वहीला तेवढेच लागे. शेजारच्या मुंबई इलाख्यातली अशीच व्यवस्था पाहून प्रेंडरगास्ट या इंग्रज अधिकाऱ्याने १८२१ मध्ये नोंदवले होते की, इथला साधा शेतकरी आणि लहान दुकानदार स्वतःचा हिशेब ज्या अचूकपणे ठेवतो, तसा इंग्लंडमधल्या खालच्या वर्गात आढळत नाही. या शाळांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मुलींना आणि अस्पृश्य ठरवलेल्या जातींच्या मुलांना तिथे प्रवेश नव्हता, आणि जो पाढा चुके त्याला छडी बसे. पाढ्यांची ही संपत्ती गावातल्या थोड्याच घरांत राहिली.

शाळेत न गेलेल्यांची गणना वेगळी होती. बायाबापड्या आणि शेतमजूर विसाच्या हिशेबाने मोजत: साठ म्हणजे तीन इसा, पंच्याऐंशी म्हणजे चार इसा आणि पाच. हाताच्या बोटांची पेरे मोजत. धान्याची रास मापताना मापारी चालू आकडा पुढचे माप भरेपर्यंत मोठ्याने घोळवत राही आणि ठरावीक मापांनंतर मूठभर धान्य खुणेसाठी बाजूला टाकी. या प्रत्येक रीतीमागे कार्यस्मृतीचा एकेक नियम आहे, आणि ते नियम मानसशास्त्राला सापडले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात.

अमेरिकेतील जॉर्ज मिलर यांनी १९५६ च्या प्रसिद्ध लेखात मांडले की, माणूस एका वेळी साधारण सात गोष्टी मनात धरू शकतो, कोणी दोन जास्त, कोणी दोन कमी. त्याहून मोलाचे होते ते त्यांचे दुसरे निरीक्षण. गोष्ट म्हणजे काय, हे शिकण्यावर ठरते. सुटी अक्षरे एकेक जागा अडवतात, पण ओळखीचा शब्द झाला की सगळी अक्षरे मिळून एकच जागा घेतात. चार इसा ही अशीच गाठोडी बांधण्याची रीत आहे. पुढे नेल्सन कोवान यांनी २००१ मध्ये दाखवले की, गाठोडी बांधण्याला आणि मनातल्या मनात घोकण्याला वाव दिला नाही तर ही मर्यादा चाराच्या आसपास येते.

मापाऱ्याच्या गुणगुणण्याचा उलगडा इंग्लंडमधील ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांच्या १९७४ च्या सिद्धान्तात मिळतो. त्यांनी कार्यस्मृतीचे तीन भाग कल्पिले. शब्द आणि आकडे आवाजाच्या रूपात फिरते ठेवणारे ध्वनिवलय हा एक, आकृती आणि जागा डोळ्यांपुढे धरणारी दृश्यपाटी हा दुसरा, आणि लक्ष कुठे द्यायचे हे ठरवणारा केंद्रीय नियंत्रक हा तिसरा. २००० मध्ये बॅडली यांनी त्यात चौथा भाग घातला. या सर्वांतून आणि दीर्घकालीन स्मृतीतून आलेली माहिती एकत्र जोडून धरणारा तो तात्पुरता साठा आहे. ध्वनिवलयातला ठसा दोन सेकंदांच्या आसपास फिका पडू लागतो. तो पुन्हा उच्चारला, मोठ्याने किंवा मनात, तर ताजा होतो. म्हणून जेवढे शब्द साधारण दोन सेकंदांत म्हणता येतात तेवढेच त्यात राहतात, आणि लांब शब्दांची यादी आखूड शब्दांच्या यादीपेक्षा लवकर विसरते. १९८० मध्ये एलिस आणि हेनेली यांनी वेल्श व इंग्रजी दोन्ही बोलणाऱ्यांची तपासणी केली, तेव्हा वेल्शमधले आकडे म्हणायला जास्त वेळ लागतो म्हणून ते कमी लक्षात राहतात असे दिसले.

हे समजले की परवच्यातले कितीतरी बारकावे उलगडतात. बे दुणे चार, बे त्रिक सहा, बे चोक आठ, बे पंचे दहा या ओळींत गुणिले आणि बरोबर यांसाठी शब्दच नाहीत. ओळ एका श्वासात, सेकंदाच्या आत संपते. दुणे, त्रिक, चोक, पंचे, सक ही गुणकांची खास रूपे पाढ्याबाहेर क्वचितच येतात, त्यामुळे गुणक कोणता आणि गुण्य कोणते याचा घोळ होत नाही. अपूर्णांकांचेही तसेच. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे एकेका शब्दाचे अपूर्णांक आहेत. पावणेएकोणतीस हा एक शब्द म्हणताच रुपये अठ्ठावीस आणि बारा आणे हे दोन आकडे एकत्र धरले जातात. जमाखर्चाच्या वहीतही पाव, अर्धा आणि पाऊण आकड्यापुढे एक, दोन, तीन उभ्या रेघांनी दाखवत, म्हणजे तोंडची रीत आणि लेखी रीत एकच होती.

या पद्धतीचे खरे बळ नाणी आणि मापांच्या रचनेत होते. सोळा आण्यांचा रुपया, चार पैशांचा आणा, बारा पैंचा आणा. चाळीस शेरांचा मण, वीस मणांची खंडी. शेराचे अच्छेर, पावशेर आणि छटाक. सोळा आण्यांचा गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. बहुतेक ठिकाणी निम्मे, त्याचे निम्मे अशी उतरंड आहे आणि तिच्यावर पावकी-निमकी अगदी नेमकी बसते. वाटणीत भावाचा हिस्सा चार आणे म्हटला की एक चतुर्थांश जमीन, हे आजही खेड्यात वेगळे सांगावे लागत नाही. पीक किती आले याची सरकारी मोजदादही आण्यांत होई. तिला आणेवारी म्हणत. आता ती पैसेवारी झाली आहे आणि पन्नास पैशांच्या आत आली तर टंचाईच्या सवलतींची दारे उघडतात. धाराशिवसारख्या वारंवार दुष्काळ पडणाऱ्या जिल्ह्यात हा आकडा गावोगाव चर्चेत असतो आणि जुनी माणसे त्याला अजून आणेवारीच म्हणतात.

धाराशिवच्या व्यापाऱ्याला यावर आणखी एक ओझे होते, जे पुण्या-सोलापूरच्या व्यापाऱ्याला नव्हते. निजामाच्या राज्यात राज्याचा स्वतःचा रुपया चाले. त्याला हाली सिक्का म्हणत. पलीकडे इंग्रजी मुलुखात चाले तो कलदार. बार्शी इंग्रजांकडे आणि धाराशिव निजामाकडे, मध्ये करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये कुर्डुवाडीकडून बार्शीला आली आणि १९११ मध्ये येडशी, ढोकी, मुरूड या वाटेने लातूरला पोचली, तेव्हा ही ये-जा फार वाढली. शंभर कलदारांना एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली असा दर रूढ होता, म्हणजे नेमके सात हालींना सहा कलदार. ढोकीच्या माणसाने बार्शीच्या अडत्याला चौऱ्याऐंशी हालीचा माल दिला, तर त्याचे कलदार किती? बारा साती चौऱ्याऐंशी, म्हणून चौऱ्याऐंशीतून बारा गेले, बहात्तर. ज्याला बाराचा पाढा पाठ आहे त्याला ही एकच वजाबाकी. ज्याला नाही, त्याला आधी सातने भाग लावावा लागे, तोवर मूळ रक्कम आणि भाव दोन्ही धरून ठेवावे लागत, आणि समोरचा माणूस दुसऱ्या मालाचा भाव सांगत असे.

बाजारातल्या गोंगाटाचा परिणामही प्रयोगांनी दाखवला आहे. १९७६ मध्ये कोल आणि वेल्श यांनी इंग्रजी जाणणाऱ्यांना अक्षरे लक्षात ठेवायला सांगितली आणि त्याच वेळी त्यांना न समजणाऱ्या जर्मन भाषेतला उतारा ऐकवला. अर्थ कळत नसूनही चुका वाढल्या, कारण बोलण्याचा आवाज कानावाटे थेट ध्वनिवलयात शिरतो. त्याच सुमारास, १९७८ मध्ये, हिच यांनी तोंडी बेरजेतल्या चुका तपासल्या. लोक बेरीज चुकत नव्हते, मधला आकडा विसरत होते, आणि तो जितका जास्त वेळ वापराविना राहील तितका लवकर विसरत होते. पाढा नेमका हाच मधला काळ नाहीसा करतो. लिलावाच्या गलक्यात मुनीम बिनचूक का राही, याचे कारण त्याच्या तल्लखपणाइतकेच त्याच्या पाठांतरात होते. अँडर्स एरिक्सन आणि वॉल्टर किंच यांनी १९९५ मध्ये हे सर्वसाधारण रूपात मांडले: आपल्या धंद्यात मुरलेला माणूस दीर्घकालीन स्मृतीच कार्यस्मृतीसारखी वापरायला शिकतो. ही शक्ती त्या धंद्यापुरतीच असते. एरिक्सन यांच्या १९८० च्या प्रयोगातला एक विद्यार्थी दीर्घ सरावानंतर जवळजवळ ऐंशी आकडे ऐकून तसेच म्हणू लागला, पण आकड्यांऐवजी अक्षरे दिली की तो पुन्हा सहाच्या आसपास येई.

पाढा मेंदूत शब्दांच्या रूपात असतो याचा पुरावा आजारातून मिळतो. फ्रान्समधील स्तानिस्लास देहान आणि लोरां कोएन यांनी १९९७ मध्ये एका रुग्णाचे वर्णन केले. मेंदूच्या डाव्या बाजूला खोलवर इजा झाल्याने त्या व्यक्तीचे पाढे गेले आणि त्यांच्याबरोबर पाठ असलेल्या प्रार्थनाही गेल्या. आकड्यांची समज मात्र शाबूत राहिली. परवच्यात पाढे आणि श्लोक एका बैठकीत, एका चालीत म्हणत असत, ही गोष्ट या निरीक्षणाशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे.

शब्दांत साठवलेले ज्ञान त्या त्या भाषेला चिकटून राहते. निजामाच्या राज्यात खेड्यातले प्राथमिक शिक्षण काही अंशी मराठीत मिळे, पण वरचे वर्ग उर्दूत असत. १९१८ मध्ये सुरू झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचेच होते. मराठीत पाढे पाठ केलेला मुलगा मिडल शाळेत गेला की त्याला तेच गणित दुसऱ्या भाषेतल्या आकड्यांनी करावे लागे. एलिझाबेथ स्पेल्के आणि सान्ना त्सिव्किन यांनी २००१ मध्ये रशियन व इंग्रजी दोन्ही येणाऱ्यांवर प्रयोग करून दाखवले की, नेमक्या आकड्यांची जी उत्तरे एका भाषेत शिकवली जातात ती त्याच भाषेत झटकन आठवतात, दुसऱ्या भाषेत वेळ लागतो. अंदाजाने सांगायच्या उत्तरांना हा अडथळा येत नाही. मराठवाड्यातल्या दोन-तीन पिढ्यांनी हा भार वर्षानुवर्षे उचलला आणि तो कोणत्याही गुणपत्रिकेत दिसला नाही. मातृभाषेतल्या शिक्षणाची मागणी इथे राजकीय होती तशी ती शिकण्याच्या सोयीचीही होती. १९२१ मध्ये निघालेली हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, जिथे पुढे स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक होते, तिचे महत्त्व या बाजूनेही मोजायला हवे.

शाळेबाहेर याच काळात स्मरण मोजण्याच्या कसोट्याही घडत होत्या. आकडे ऐकून ते तसेच म्हणून दाखवण्याची चाचणी फ्रान्सच्या आल्फ्रेद बिने यांच्या १९०५ च्या बुद्धिमापनात आली. त्या कसोटीची मराठी आणि कानडी मुलांसाठीची आवृत्ती वि. वि. कामत यांनी धारवाडला तयार केली. त्यावरचा त्यांचा ग्रंथ १९४० चा. मराठी मुलांच्या स्मरणाचे शास्त्रीय मोजमाप सुरू झाले ते साधारण इथून.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. हाली रुपया आणखी काही वर्षे सात-सहाच्या दराने चालला आणि १९५९ मध्ये कायमचा बाद झाला. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ एप्रिल १९५७ ला देशभर शंभर नव्या पैशांचा रुपया सुरू झाला. मागोमाग शेर-मण जाऊन किलो-क्विंटल आले. दशांशात पाव म्हणजे पंचवीस. तिथे पावकीचा उपयोग उरतो, पण पावाची निमपाव आणि तिचीही निम्मी करत गेले की पूर्णांक संपतो. सोळा आण्यांच्या जगासाठी घडवलेली औटकी आणि अडीचकी शाळेतून गेली, आणि ते योग्यच झाले. ज्या कामासाठी मुलांच्या डोक्यात ती भरायची ते कामच उरले नव्हते. पूर्णांकांच्या पाढ्यांचे तसे नाही. तिथली गरज जशीच्या तशी आहे, तरी अपूर्णांकांच्या कोष्टकांबरोबर घोकंपट्टी म्हणून त्यांचीही हेटाळणी झाली, हे मात्र चुकीचे होते.

पाठांतर पुरेसे असते असाही याचा अर्थ नाही. अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. ही मुले विक्रीचे गुंतागुंतीचे हिशेब तोंडी अचूक करतात, पण तेच गणित शाळेच्या रूपात मांडले की अडतात. शाळेत शिकणाऱ्या मुलांची अडचण उलटी दिसली. पंतोजीच्या शाळेत पाढा आणि बाजार यांचे अंतर फार थोडे होते. आजच्या शाळेने पाढा काही प्रमाणात ठेवला, बाजार मात्र सोडला.

कार्यस्मृतीचा प्रश्न महाराष्ट्रात जाहीर वादाचा विषय झाला तो २०१९ मध्ये, पण तेव्हा त्याला ते नाव कोणी दिले नाही. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बासष्ट यांच्या बरोबरीने वीस एक, साठ दोन असे वाचन सुचवले गेले. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी त्याची बाजू मांडली. मराठीवरचा घाला म्हणून टीकाही पुष्कळ झाली. मराठीत एकक आधी बोलला जातो आणि दशक नंतर, लिहिताना क्रम उलटा. सदतीस ऐकून ३७ लिहिताना मुलाला सात धरून ठेवून आधी तीन लिहावे लागतात. जर्मनमध्येही एकक आधी येतो. जर्मन बोलणाऱ्या पहिलीच्या मुलांच्या २००९ मधील अभ्यासात आकडे लिहिण्यातल्या जवळपास निम्म्या चुका या उलट क्रमाशी निगडित निघाल्या, आणि चुकांचा संबंध कार्यस्मृतीशी दिसला. नारळीकरांचा मुद्दा सहा-सात वर्षांच्या मुलासाठी खरा होता. टीकाकारांचेही एक म्हणणे खरे होते, ते त्यांनी वेगळ्या कारणाने मांडले: बासष्ट हा एक शब्द एकदा पक्का झाला की तो साठ दोनपेक्षा कमी जागा घेतो. पहिल्या पायरीला एक रीत सोयीची, पुढच्या पायऱ्यांना दुसरी. पुस्तकात दोन्ही रीती ठेवणे म्हणूनच रास्त होते.

१९५७ च्या आधी ज्यांनी धाराशिवच्या खेड्यांत सवायकी, दिडकी आणि औटकी पाठ केली, ती माणसे आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत. पाढ्यांची चाल, कोणत्या आकड्याला कोणता उच्चार, कुठे श्वास घ्यायचा, हे कोणत्याही छापील उजळणीत नाही. ते फक्त त्यांच्या तोंडी आहे. जिल्ह्यातल्या शाळांनी आणि महाविद्यालयांनी गावोगाव जाऊन ते ध्वनिमुद्रित करून घेण्याचे काम आताच हाती घ्यावे.